‘फिर पधारिए’ न म्हणणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई पोतनीसांना माणसांशी कसं वागावं ते कळत नाही, असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. आधीच सांगून ठेवते. मी भांडखोर बाई आहे आणि हे आमच्या हॉटेलात लिफ्टवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला दुपार-दुपार खुर्चीवर बसवून गोड बोलायला शिकवण्यात आलं, त्यानेही माझ्यात काडीचा फरक पडलेला नाही. माझं काम चादरी, टॉवेल आणि झाडलोट. छातीवर ‘हाउसकीपिंग सुपरवायझर’ अशी पाटी आहे. हाताखालच्या बायका मला समोर मंगलाताई म्हणतात, मागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

आमचं हॉटेल म्हणजे पूर्वीचं साधं यात्री लॉज. उज्जैनच्या देवास गेट बस स्टँडवर उतरून सामान उचलून चालत येता येईल एवढ्याच अंतरावर. मालक भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज दरबारात कुठल्याशा दफ्तरात होते, आणि हे ते गिऱ्हाइकाला चहाबरोबर ऐकवत. माणूस मोठा बोलघेवडा, पण मनाने सरळ. त्यांनीच सुलभाताईंना काउंटरवर बसवलं, तेव्हा काउंटर म्हणजे एक लाकडी टेबल होतं आणि त्यावर काच होती.

सुलभाताई राहायला क्षीरसागर वस्तीत. बी. कॉम. झालेल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, आवाज घोगरा. भैरवगढच्या छापाच्या सुती साड्या नेसायच्या, त्याही कडक इस्त्रीच्या. त्यांचे यजमान बिजली विभागातून रिटायर झाले आणि त्यांनी घरी बासरी शिकायला घेतली. सुलभाताई म्हणायच्या, “मंगला, मी नोकरी कशाला करते माहीत आहे का? त्या बासरीपासून लांब राहायला.” हे गमतीचं झालं. खरं काय ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. काउंटरमागे उभं राहिलं की मी कुणीतरी आहे असं वाटतं, म्हणाल्या. घरी मी फक्त असते.

त्या काउंटरवर त्यांचा जीव होता. पुढे जे झालं ते एवढ्यासाठी झालं, म्हणून हे आधी सांगितलं.

आता त्या गोड होत्या असं मी मुळीच म्हणणार नाही. फटकळ होत्या. चुटकी वाजवून वेटरला बोलावणाऱ्या एका वकीलसाहेबांना त्यांनी भर लॉबीत विचारलं होतं, “भाईसाहब, कुत्ता पाला है क्या घर में? आदत हो गई लगती है.” नवं जोडपं आलं की आधार कार्ड मागताना असं काही बघायच्या की ती बिचारी पोर रडवेली व्हायची. त्यावरून मी त्यांच्याशी कडाकडा भांडलेही आहे. गिऱ्हाइकाचं वाक्य मधेच तोडायचं, ही तर त्यांची खोडच. तेव्हा सुलभाताईंना देव्हाऱ्यात बसवायला मी हे लिहीत नाही.

पण उज्जैनीत येणारा प्रत्येक माणूस काही महाकालचा नवा कॉरिडॉर बघून फोटो काढायला येत नाही. कितीतरी माणसं कुणाच्या तरी अस्थी घेऊन येतात. रामघाटावर विधी, सिद्धवटाला पिंड, आणि मग परत. ही माणसं दारातून आत आली की सुलभाताई बदलायच्या. एक शब्द विचारायच्या नाहीत. आधी पाणी. मग खालच्या मजल्यावरची खोली, म्हणजे म्हाताऱ्यांना जिना नको. अस्थींचा कलश खोलीत न्यायचा नसतो, बाहेर झाडाला बांधायचा असतो, आणि परक्या गावात झाड कुठे शोधणार? लॉजच्या मागे एक निंब होता. सुलभाताई स्वतः उठून त्यांना मागे घेऊन जायच्या. “इथे बांधा. मी आहे. बेफिकीर राहा,” एवढंच म्हणायच्या. आणि खरंच, काउंटरमागच्या खिडकीतून जाता-येता निंबाकडे बघत राहायच्या.

ती माणसं निघाली की काउंटरमागून बाहेर येऊन उभ्या राहायच्या. हात जोडायच्या. तोंडातून शब्द नाही. आपल्यात सुतकाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, आणि घरचेही ‘या’ म्हणत नाहीत. मुकाट उठायचं, मुकाट चालू लागायचं. तसं पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. हे काही फार मोठं ज्ञान नव्हे. हे आईने दटावून शिकवलेलं असतं, शेजारच्या घरी कुणी गेलं की फ्रॉकला धरून उठवताना. सुलभाताईंच्या मागे काही मोठं दुःख होतं म्हणून त्या असं करत, असं कुणी समजू नये. त्यांचे यजमान धडधाकट आहेत, बासरी वाजवताहेत. साधी रीत पाळायला माणसाचं कुणी जावं लागत नाही.

मग भय्यासाहेबांचे गुडघे गेले आणि कारभार रोहनकडे आला. रोहन हा भय्यासाहेबांचा मुलगा. पुण्याहून एम.बी.ए. करून आला. लहानपणी याच काउंटरखाली बसून सुलभाताईंच्या डब्यातले थालीपीठाचे तुकडे खायचा, त्यांना काकू म्हणायचा. गावात यात्रेकरूंची रीघ वाढली तसं त्याने लॉजवर मजले चढवले, लॉबीत संगमरवर घातला, आणि मागचा निंब तोडून तिथे पंखांचं चित्र काढलेली भिंत उभी केली. लोक त्या पंखांच्या मधे उभे राहून फोटो काढतात. निंब तोडला त्या दिवशी मी रोहनला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो हसला आणि म्हणाला, “मंगलाताई, यू नीड ट्रेनिंग.”

आणि ट्रेनिंग आणलंच त्याने. इंदूरहून मीरा मॅडम आल्या. हसऱ्या, टापटीप, वयाने चाळिशीच्या आतबाहेर. मराठीच, पण हॉलमध्ये सगळं हिंदी-इंग्रजीत. विषय सॉफ्ट स्किल. म्हणजे कामात यश मिळवायचं तर नुसतं काम येऊन भागत नाही, वागणं, बोलणं, हसणं हे पण यायला हवं. हे मला पटतं, बरं का. पण मीरा मॅडमनी शिकवलं ते काय? हसू डोळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. ‘नाही’ हा शब्द वापरायचा नाही. काकू, भाऊ, ताई असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, मॅम आणि सर म्हणायचं. त्या दिवसापासून रोहन सुलभाताईंना ‘सुलभा मॅम’ म्हणायला लागला, आणि दर वेळी म्हणताना तोंडात खडा आल्यासारखा थांबायचा.

सगळ्यात मोठं म्हणजे स्वागत आणि निरोप. पाहुणा आला की कपाळाला कुंकवाचा टिळा लावायचा आणि विचारायचं, “जय महाकाल! किस शुभ अवसर पर पधारे हैं?” पाहुणा निघाला की दारावर टांगलेली पितळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी हसून म्हणायचं, “फिर पधारिएगा!” एक अक्षर इकडचं तिकडे नको. सगळ्यांना सारखं.

सुलभाताईंनी तिथेच हात वर केला. “और जो अस्थी लेकर आते हैं, उनको?”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मीरा मॅडम हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. त्या क्षणभर गोंधळल्या आणि मग म्हणाल्या, “अच्छा सवाल है. लेकिन हमारे लिए हर गेस्ट, गेस्ट है. हम उसका दिन थोड़ा अच्छा बना सकते हैं.”

“त्यांचा दिवस तुम्ही घंटा वाजवून अच्छा करणार?” सुलभाताईंनी सरळ मराठीत विचारलं.

रोहन मागे भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “काकू... सुलभा मॅम, असे लोक आता कितीसे येतात? त्यांच्यासाठी वेगळं, यांच्यासाठी वेगळं करत बसलो तर स्टँडर्ड काय राहिलं? सगळ्यांना सेम.”

कितीसे येतात! अरे बाबा, तुझं हॉटेल उभं राहायच्या आधी तुझ्या बापाचं लॉज कोणाच्या जोरावर उभं होतं? माझ्या जिभेवर आलं होतं, पण सुलभाताईंनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

मग रोहनने सांगितलं की नव्या काउंटरवर कोण उभं राहणार ते मीरा मॅडम ठरवतील. प्रत्यक्ष पाहुण्यांसमोर परीक्षा होईल. ते दोघं केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यातून बघतील. जो पास होईल तो काउंटरवर, जो नाही होणार तो खाली तळघरातल्या स्टोअरला. चादरी मोजायला. हे म्हणताना तो सगळ्यांकडे बघत होता, फक्त सुलभाताईंकडे नव्हता बघत.

तुम्हाला वाटेल, सुलभाताईंनी फणकाऱ्याने राजीनामा फेकला असेल. बिलकुल नाही. त्या शिकल्या. माझ्या लिनेनच्या खोलीत येऊन, कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहून हसायचा सराव केला. मला काय राग आला होता म्हणून सांगू! या वयाची बाई, अर्धं आयुष्य लोकांना खोल्या देण्यात गेलेलं, आणि ती आरशात बघून विचारतेय, “मंगला, आलं का गं हसू? बघ ना नीट.”

“आलं, पण दाढ दुखून राहिल्यासारखं दिसतं,” मी म्हटलं.

“मग अजून एकदा.”

“कशाला करता हे सगळं? सांगा ना त्या रोहनला, तुला मी थालीपीठ भरवलंय म्हणून.”

“ते कशाला काढायचं?” त्या आरशातूनच म्हणाल्या. “आणि ती मीरा अगदीच काही चूक नाही बोलत. मी लोकांचं बोलणं मधे तोडते, ते तिने बरोबर पकडलं. कुणी सांगितलंच नव्हतं मला आजवर.”

“मी सांगितलं होतं!”

“तू भांडताना सांगितलं होतं. तेव्हा कोण ऐकतं?”

त्यांनी खरोखरच ती खोड सोडली. माणूस बोलत असला की ओठ घट्ट मिटून ऐकायला लागल्या. नव्या जोडप्यांकडे तसं बघणं बंद केलं. साडी सोडून निळा कोट घालायला लागल्या, आणि तो त्यांना शोभायचा, खोटं कशाला बोलू. लग्नाची वऱ्हाडं, सहलीची मंडळं, यांच्यासमोर घंटा वाजवून ‘फिर पधारिएगा’ असं ठणठणीत म्हणायच्या. फक्त अस्थीवाली माणसं निघाली की काही ना काही निमित्त काढून घंटेजवळ कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत. मला वाटलं, निभेल. चालवून नेतील बाई.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बुऱ्हाणपूरहून एक जोडपं आलं. सुधाकर म्हणून गृहस्थ, हायस्कुलात शिक्षक, आणि त्यांची बायको. सुलभाताई जेवायला गेल्या होत्या. दारात अश्विनी होती, नवी पोरगी, ट्रेनिंगमध्ये सगळ्यात हुशार ठरलेली. तिने ताट पुढे केलं, त्या गृहस्थांच्या कपाळावर लालभडक टिळा ओढला, आणि डोळ्यांपर्यंत हसू पोचवून विचारलं, “किस शुभ अवसर पर पधारे हैं, सर?”

मी जिन्यात होते. हातातली पिशवी त्या माणसाने किंचित उचलली, तिच्यातून तांबड्या फडक्याची गाठ दिसली. “मुलीला घेऊन आलोय,” तो म्हणाला. मग रुमाल काढून कपाळ पुसायला लागला. कुंकू ते, पुसून थोडंच जातं? जास्तच पसरलं. अश्विनी हातात ताट धरून तशीच उभी. तिला शिकवलेलं तिथे संपलं होतं.

सुलभाताई आल्या, त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. ओला नॅपकीन आणून त्या माणसाच्या हातात दिला. पाणी आणलं. मग कलश कुठे बांधायचा हा प्रश्न आला, कारण निंब नव्हता, पंखांची भिंत होती. शेवटी बाहेर चौकीदाराच्या खोपटाच्या भिंतीला एक आकडा होता, तिथे त्यांनी बांधून घेतला. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा सुलभाताई निळा कोट घालून खोपटासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मोटारी त्यांच्या पायाला लागतील इतक्या जवळून वळत होत्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. केबिनमध्ये रोहन आणि मीरा मॅडम, समोर कॅमेऱ्याचा पडदा. सुलभाताई अशा काही उभ्या होत्या की बघत राहावं. सुरतेचं एक मोठं कुटुंब निघालं, त्यांच्या आजीबाईंचं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही, घंटा वाजवली, हसल्या, म्हणाल्या, “फिर पधारिएगा!” आजीबाईंनी त्यांचा गालगुच्चा घेतला. मी टॉवेलांची गाडी घेऊन उगाच लॉबीत घुटमळत होते. मनात म्हणत होते, झालं, मिळालं काउंटर.

आणि तेव्हाच ते बुऱ्हाणपूरचं जोडपं लिफ्टमधून बाहेर आलं. घाटावर जाऊन, सगळं आटोपून ते सामान घ्यायला परतले होते. पिशवी आता रिकामी, घडी करून बाईच्या हातात.

सुलभाताईंना माहीत होतं की केबिनमधून दोन माणसं बघताहेत. माहीत होतं की हेच ते मार्क. तरी त्या काउंटरमागून बाहेर आल्या. हसू पुसून टाकलं. हात जोडले. काही बोलल्या नाहीत. त्या दोघांनीही हात जोडले. अश्विनी सवयीने घंटेच्या दोरीकडे गेली, तशी सुलभाताईंनी पुढे होऊन घंटेच्या आत हात घातला आणि आतली लोंबती लोळी मुठीत धरली.

केबिनचं दार धाडकन उघडलं. रोहन जवळजवळ पळतच आला. चेहऱ्यावर ते हसू, जसंच्या तसं. “सर! मॅम! फिर ज़रूर पधारिए! हमें फिर सेवा का मौका दीजिए!” आणि दोरी त्याने स्वतः खेचली. सुलभाताईंचा हात आत होता. लोळी त्यांच्या बोटांवर आदळली, घंटा नुसती ठप्प वाजली. त्याने पुन्हा खेचली.

सुधाकरांच्या बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. तिला खरंच कळत नव्हतं. तिने विचारलं, “आता कुणाला घेऊन यायचं हो? एकच होती.”

सुधाकरांनी तिच्या कोपराला धरलं आणि दोघं पायऱ्या उतरून गेले. रोहन हसतच होता. त्याला बहुतेक ते बंद कसं करायचं ते शिकवलं नव्हतं.

मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. देवाशप्पथ मारणार होते. पण सुलभाताईंच्या बोटांतून रक्त येत होतं. म्हणून मी आधी किचनमधून बर्फ आणायला धावले, आणि म्हणूनच पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. केबिनमध्ये बर्फ लावायला मीच होते.

रोहन टेबलामागे बसला होता. चेहरा पडला होता, पण माघार घ्यायला तयार नव्हता. “मला माहीत नव्हतं ती असं काही म्हणेल. ठीक आहे. सॅड आहे. पण सुलभा मॅम, तुम्ही सगळ्यांसमोर घंटा अडवली. आज एक अडवाल, उद्या दुसरी. मी स्टाफला काय सांगू?”

“सांग की काकूंनी अडवली,” सुलभाताई म्हणाल्या.

मीरा मॅडमने मधे पडून तोडगा काढला. त्यांना सुलभाताईंना नापास करायचं नव्हतं, हे दिसत होतं. त्या म्हणाल्या, “बाकी सगळं तुमचं उत्तम आहे. खरंच. एवढी एक गोष्ट राहिली. आपण रोल-प्ले करू या का? खरा पाहुणा नको. मी पाहुणी होते. मी अस्थी घेऊन आले होते आणि आता निघालेय, असं समजा. तुम्ही फक्त एकदा हसून म्हणा. नाटकच आहे. म्हणालात की मी पास लिहिते, काउंटर तुमचं.”

रोहन घाईने म्हणाला, “करून टाका काकू. एक वाक्य आहे फक्त. नाटक तर आहे.”

खरं सांगते, मी पण त्यांच्या कानात म्हटलं, “म्हणून टाका हो. हवेत बोलायचंय.” मला त्या काउंटरवर हव्या होत्या. तळघरात त्यांचा जीव गुदमरला असता.

सुलभाताईंनी बर्फाचं फडकं बाजूला ठेवलं. उठून उभ्या राहिल्या, कोट नीट केला. मीरा मॅडमही उठल्या, पर्स खांद्याला लावून पाहुण्यासारख्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सुलभाताईंनी विचारलं, “घरी कोण कोण आहे तुमच्या?”

“आई, बाबा. मिस्टर. एक मुलगा आहे.”

“मग यातलं कोण गेलं? कुणाच्या अस्थी आणल्या होत्या तुम्ही? नाव सांगा, म्हणजे मी म्हणते.”

मीरा मॅडम हसल्या. मग ते हसू विरलं. “नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज आमच्यासारखा झाला. “असं कसं नाव घ्यायचं?”

“नाटकच आहे.”

“नाटक असलं तरी... नको. भलतंसलतं काय बोलायचं. खोटं नाव घेऊ का एखादं?”

“खोट्या माणसाला मी ‘फिर पधारिए’ दहादा म्हणेन,” सुलभाताई म्हणाल्या. “पण तुम्हाला मला खऱ्या माणसासमोर उभं करायचंय ना?”

मीरा मॅडमने रोहनकडे पाहिलं. रोहन वैतागून म्हणाला, “अहो मॅडम, घ्या ना कुणाचं तरी. काय फरक पडतो?”

“तुम्हीच घ्या मग,” मीरा मॅडम म्हणाल्या.

रोहनने टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. केबिनच्या भिंतीवर त्याच्या आई-वडिलांचा फोटो होता, नव्या मजल्यांच्या उद्‌घाटनाचा, तिकडे त्याची नजर गेली आणि त्याने चटकन खाली बघितलं.

आणि मग माझं डोकं फिरलं. इतका वेळ गिळलेलं सगळं वर आलं. त्या बाईचा चेहरा, सुलभाताईंची बोटं, तो निंब. मी ओरडले, “घे ना नाव! फरक पडत नाही ना तुला? भय्यासाहेबांचं घे! म्हण, भय्यासाहेबांच्या...”

“मंगला!” सुलभाताई अशा ओरडल्या की काच हलली. “तोंड बंद कर. एक शब्द पुढे बोललीस तर माझ्याशी गाठ आहे.”

आजवर त्या माझ्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. रोहन पांढराफटक पडला होता. सुलभाताई त्याच्याजवळ गेल्या, आणि ज्या हाताची बोटं सुजली होती तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला. “तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. ती रागात बोलली. शंभर वर्षं जगतील तुझे बाबा.” मग मीरा मॅडमकडे वळून म्हणाल्या, “राहू दे बाई. नकोच कुणाचं नाव. एवढ्याशा काउंटरसाठी कुणाच्या घरचं माणूस तोंडी आणायचं? मी जाते खाली स्टोअरला.”

कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर घातला. दारापाशी पोचायला त्यांना वेळ लागला, कारण बॅग डाव्या हाताने उचलायची होती. त्या तेवढ्या वेळात कुणीही ‘थांबा’ म्हणू शकलं असतं. मी वाट बघत होते. रोहन आता म्हणेल, डोक्यावर तो हात अजून जाणवत असेल, आता म्हणेल काकू थांबा. त्या गेल्या. दार लागलं.

रोहनने घसा साफ केला आणि मीरा मॅडमकडे न बघता म्हणाला, “मग... नापास लिहून टाका.”

मीरा मॅडमचे डोळे भरले होते. पण लिहिलं तिने. मी तिथेच उभी होते.